भावाची नोंद सापडली, बहिणीची नाही: पूर्व गॅलिशियातली जन्मनोंद कुठे शोधायची

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं माहेर कोल्हापूर, सासर इंग्लंड. तुमच्या आजेसासूबाई, म्हणजे यजमानांच्या आईची आई, लहानपणी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला, दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत होत्या आणि १९४८ साली तिथून इंग्लंडला गेल्या. इंग्लंडमध्ये सगळे त्यांना ‘जीन’ म्हणत, पण मूळ नाव यानिना. जन्म १९३१ चा, ‘तार्नोपोलकडचा’. वडील वनरक्षक. सासूबाईंना आईच्या जन्माची मूळ नोंद एकदा डोळ्यांनी बघायची आहे. तुम्ही वॉर्साला अर्ज केलात. उत्तर आलं की धाकट्या भावाची १९३४ ची नोंद मिळाली, यानिनाची नाही. तुमचा प्रश्न असा, की १९३१ चं पुस्तक युद्धात जळालं असेल का आणि आता शोध थांबवायचा का?

थांबवू नका. पुस्तक जळालं असेल असं मला वाटत नाही. बहुधा तुम्ही चुकीच्या देवळात चौकशी करताय.

तुमच्या पत्रात सगळ्यात शेवटी, गंमत म्हणून लिहिल्यासारखी एक ओळ आहे: आजेसासूबाई सांगायच्या की लहानपणी त्यांच्या घरी नाताळ दोनदा व्हायचा, २५ डिसेंबरला एकदा आणि ७ जानेवारीला परत. त्या दुसऱ्या नाताळाला मध-खसखस घातलेली गव्हाची खीर असायची. तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यात मोलाची माहिती हीच आहे. (त्या खिरीला ‘कुत्या’ म्हणतात. नाव ऐकून हसू येतं खरं, पण आपल्याकडच्या खपली गव्हाच्या खिरीची ती सख्खी मावसबहीण.)

दोन नाताळ म्हणजे घरात दोन पंथ. पूर्व गॅलिशियात, म्हणजे आज जो भाग बराचसा पश्चिम युक्रेनमध्ये येतो तिथे, पोलिश लोक साधारणपणे रोमन कॅथलिक आणि युक्रेनियन लोक ग्रीक कॅथलिक. दोघेही पोपलाच मानणारे, पण ग्रीक कॅथलिकांची पूजापद्धत पूर्वेकडची, सणांचं पंचांग जुनं ज्युलियन, आणि त्यांच्या धर्मगुरूंना लग्न करून संसार थाटता येत असे. एकाच गावात राहणाऱ्या या लोकांमध्ये लग्नं भरपूर व्हायची. मग मुलं कुणाची? यावरून दोन्हीकडच्या पाद्र्यांमध्ये इतकी भांडणं झाली की शेवटी १८६३ मध्ये रोमच्या संमतीने करार झाला. त्यात जुना रिवाजच नियम म्हणून पक्का केला: मुलगे बापाच्या पंथात, मुली आईच्या पंथात. पहिल्या महायुद्धानंतर तिथलं ऑस्ट्रियाचं राज्य गेलं, पोलंडचं आलं, तरी खेड्यापाड्यात हीच रीत चालू राहिली.

आता तुमचं उत्तर परत वाचा. भावाची नोंद आहे, बहिणीची नाही. भाऊ बापाकडे गेला, रोमन कॅथलिक पुस्तकात. बहीण आईकडे गेली, ग्रीक कॅथलिक पुस्तकात. वॉर्सातल्या माणसाने त्याच्यासमोरचं पुस्तक नीट बघितलं आणि खरं ते कळवलं. ‘नोंद नाही’ याचा अर्थ एवढाच, की तुम्ही दिलेल्या नावाची, दिलेल्या सालातली नोंद आमच्याकडच्या या पुस्तकात नाही.

सोळा वर्षं मी क्राकोवमध्ये राहून हेच काम करते आहे. पहिल्या दोनेक वर्षांत अशा तीन मुलींच्या फायली मी स्वतः ‘पुस्तक नष्ट’ असा शेरा मारून बंद केल्या होत्या. पुढे त्यातल्या दोघी सापडल्या, भावांपासून जेमतेम दोनशे पावलांवरच्या दुसऱ्या चर्चच्या पुस्तकात. तेव्हापासून कुणाचंही काम हातात घेतलं की मी आधी आईचा पंथ विचारते, नाव नंतर.

त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे आपण पूर्वजांच्या नोंदी बघायला जातो तेव्हा गुरुजी काय विचारतात आठवा. मूळ गाव कुठलं? मग आडनाव, मग आजोबा-पणजोबा. गाव चुकलं की वहीच चुकते. युरोपातलं दप्तर तसंच आहे. ते माणसांच्या नावांनी लावलेलं नाही. गाव, चर्च आणि साल यांनी लावलेलं आहे. हल्ली संगणकावर नाव टाकून शोधायची सवय लागली आहे, पण सूचीत जेवढ्या नोंदी आल्या आहेत त्याच्या कित्येक पट पुस्तकात पडून आहेत.

तर आधी गाव. तुमच्याकडे भावाची नोंद आली आहे, म्हणजे अर्धं काम झालं. पण तुम्हाला मिळाला आहे तो संक्षिप्त उतारा, ज्यात नाव, तारीख, ठिकाण आणि आईवडिलांची नावं एवढंच येतं. तो बाजूला ठेवा आणि मूळ पानाची छायाप्रत मागा. ती मागण्याचा हक्क सासूबाईंचा आहे, तुमचा किंवा माझा नाही. अर्जावर सही त्यांची हवी आणि नातं सिद्ध करणारे दाखले जोडायला हवेत. पोलंडमध्ये जन्माच्या नोंदी शंभर वर्षं आणि लग्न-मृत्यूच्या ऐंशी वर्षं नागरी नोंदणी कार्यालयाकडे राहतात, त्यानंतर त्या सरकारी अर्काइव्हमध्ये जातात आणि कुणालाही बघता येतात. १९३४ ला अजून अवकाश आहे.

मूळ पान कशाला, ते नीट सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. ऑस्ट्रियाच्या सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ मध्ये हुकूम काढून जन्म, लग्न आणि मृत्यू यांची पुस्तकं वेगळी केली, रकाने ठरवून दिले आणि धर्मगुरूंना एका अर्थी सरकारी कारकून केलं. ते रकाने दीडशे वर्षं जवळजवळ तसेच राहिले. डावीकडून सुरुवात: जन्माची तारीख, बाप्तिस्म्याची तारीख, मग ‘नुमेरुस दोमुस’ म्हणजे घर क्रमांक, मग बाळाचं नाव. पुढचे अरुंद रकाने पंथ, ‘पुएर’ की ‘पुएल्ला’ (मुलगा की मुलगी), औरस की अनौरस यांचे. त्यात पाद्रीबुवा नुसती एक उभी रेघ ओढतात. त्यापुढे आईबाप, मग धर्मपिता-धर्ममाता आणि त्यांचा व्यवसाय. नावाखाली बारीक अक्षरात ‘ओब्स्तेत्रिक्स’ दिसलं तर ती सुईण.

आईबापांचा रकाना रुंद असतो, आणि खरा ऐवज त्यातच. ‘अन्ना, फिलिया बासिलिई एत मारिए’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे बासिलिउस आणि मारिया यांची मुलगी अन्ना. पुढे आजीचं माहेरचं आडनावही बऱ्याचदा येतं. एका ओळीत तीन पिढ्या! आपल्या कोतवाल बुकात एवढं मिळालं असतं तर कुणबी नोंदी शोधणाऱ्यांचा किती वेळ वाचला असता. आणि या ओळीतच पंथही कळतो. कधी आईच्या नावापुढे ‘रि. ग्र.’ असं ग्रीक पंथाचं संक्षेप असतं. ते नसलं तर आजोबांचं नाव बघा. बासिलिउस (म्हणजे वासिल), दिमेत्रिउस, थिओदोरुस अशी नावं या भागात ग्रीक कॅथलिक घरांमध्ये जास्त. हा पुरावा नव्हे, पण कुठल्या दारावर थाप मारायची ते कळायला पुरेसा.

घर क्रमांकाला कमी लेखू नका. हे क्रमांक रस्त्याप्रमाणे दिलेले नसत. एकेका गावाला एकच क्रम. एकाच खेड्यात एकाच नावाआडनावाचे दोन बाप मिळतात तेव्हा ‘घर ४७’ वाला आपला आणि ‘घर ११२’ वाला परका, हे याच आकड्यावरून ठरतं. भावाच्या पानावरचा घर क्रमांक आणि गावाचं नाव वहीत टिपून ठेवा.

गावाचं नाव मुद्दाम म्हणते, चर्चचं नाही. रोमन कॅथलिक पॅरिश पूर्वेकडे मोठी असे, एका चर्चखाली दहा-पंधरा खेडी. ग्रीक कॅथलिक चर्च मात्र जवळजवळ प्रत्येक मोठ्या खेड्यात. म्हणून भावाच्या उताऱ्यावर जे ठिकाण छापलंय ते पॅरिशचं गाव असू शकतं आणि कुटुंब प्रत्यक्षात चार मैलांवरच्या खेड्यात राहत असेल. खेडं कळलं की त्याचं ग्रीक कॅथलिक चर्च कुठलं हे १८८० ते १९०२ या काळात निघालेल्या जुन्या पोलिश भौगोलिक कोशात मिळतं. पंधरा खंड, ऑनलाइन फुकट. प्रत्येक खेड्याखाली ‘रोमन पॅरिश अमुक, ग्रीक पॅरिश तमुक’ असं चक्क लिहिलेलं असतं.

आता ‘तार्नोपोलकडचा’ या शब्दाबद्दल. तुम्ही तेर्नोपिलच्या (तार्नोपोलचं आजचं युक्रेनियन नाव) अर्काइव्हला पत्र लिहायच्या बेतात आहात असं दिसतंय. जरा थांबा. दोन महायुद्धांच्या मधल्या पोलंडमध्ये तार्नोपोल हे मोठ्या प्रांताचं नाव होतं. झ्वोचुफ, ब्रोदी, प्शेमिश्लानी हे तालुके तेव्हा त्या प्रांतात होते आणि आज ते ल्विव प्रांतात आहेत. तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यावर तालुका झ्वोचुफ दिसतो, युक्रेनियनमध्ये झोलोचिव. म्हणजे तेर्नोपिलला लिहिलं असतं तर तिथूनही ‘नोंद नाही’ असंच उत्तर आलं असतं आणि तुम्ही दुसऱ्यांदा निराश झाला असता. (प्शेमिश्लानी आणि प्शेमिश्ल ही दोन वेगळी गावं आहेत, दुसरं आजही पोलंडमध्येच आहे. यात फसलेल्या लोकांची पत्रं मला दर महिन्याला येतात.)

पुस्तकं दोन देशांत का विभागली गेली तेही सांगून ठेवते. १९४५ ला सीमा पश्चिमेकडे सरकली, पोलिश लोकांना हलवलं गेलं, आणि जाताना कित्येक पाद्र्यांनी चर्चची भांडी-मूर्तींबरोबर ही जाडजूड पुस्तकंही आगगाडीत घातली. तीच आज वॉर्सामध्ये ‘झाबुझान्स्की’, म्हणजे बुग नदीपलीकडची, पुस्तकं म्हणून ठेवली आहेत. शंभर वर्षांच्या आतली नागरी नोंदणी कार्यालयात, जुनी ‘आगाद’मध्ये, म्हणजे वॉर्साच्या मुख्य ऐतिहासिक अर्काइव्हमध्ये. ती प्रामुख्याने रोमन कॅथलिक आणि ज्यू नोंदींची. ग्रीक कॅथलिक पुस्तकं बहुतेक जागेवरच राहिली. १९४६ मध्ये सोव्हिएत राजवटीने तो पंथच बंद केला, चर्च ऑर्थोडॉक्सांकडे दिली आणि पुस्तकं सरकारी नोंदणी कार्यालयांनी उचलली. युक्रेनमध्ये पंचाहत्तर वर्षांनंतर ती राज्य अर्काइव्हकडे जायची असतात. १९३१ चं पुस्तक त्या हिशोबाने आता तिथे असायला हवं, पण प्रत्यक्षात काही पुस्तकं अजून नोंदणी कार्यालयाच्या कपाटातच असतात, म्हणून दोन्हीकडे विचारा.

आणि ‘जळालं’ हा शब्द उच्चारण्याआधी एक लक्षात ठेवा: प्रत्येक पुस्तकाची एक प्रत काढून दरवर्षी बिशपच्या कचेरीत पाठवायचा नियम होता. ल्विवच्या केंद्रीय ऐतिहासिक अर्काइव्हमध्ये ग्रीक कॅथलिक कचेरीच्या या प्रती २०१ क्रमांकाच्या संग्रहात आहेत, रोमन कॅथलिक ६१८ मध्ये. मूळ गेलं तरी प्रत असू शकते. या संग्रहांतलं बरंच काही फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर पान-पान बघता येतं. खातं फुकट आहे. सूचीत नाव शोधू नका, थेट गावाचं पुस्तक उघडा आणि १९२९ पासून १९३३ पर्यंत प्रत्येक पान डोळ्याखालून घाला. खेडं लहान असेल तर एका संध्याकाळचं काम.

पाच वर्षं का? कारण निर्वासितांची जन्मसालं भरवशाची नसतात. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री वनरक्षकांची आणि सैनिकी वसाहतकऱ्यांची कुटुंबं मालगाड्यांत भरून सायबेरियात आणि उत्तर रशियात नेली गेली, तेव्हा कागद घ्यायला कुणाला वेळ होता! पुढे १९४२ मध्ये इराणच्या पहलवी बंदरावर उतरलं की नव्याने नावं लिहिली गेली. कुणी शाळेत जागा मिळावी म्हणून वय कमी सांगितलं, कुणी सैन्याच्या तुकडीत घ्यावं म्हणून वाढवलं. वळिवड्याच्या यादीत जे साल आहे ते आईने किंवा थोरल्या बहिणीने सांगितलेलं. दिवस आणि महिना मात्र सहसा बरोबर निघतो, कारण पोलिश लोक नामदिन, म्हणजे ज्या संतावरून नाव ठेवलं त्याच्या सणाचा दिवस, विसरत नाहीत.

यानिना हे नाव पुस्तकात बहुधा असं दिसणार नाही. लॅटिनमध्ये लिहिलं असेल तर ‘योआन्ना’. त्या काळात ग्रीक कॅथलिक पुस्तकांत छापील रकाने लॅटिन आणि मजकूर युक्रेनियन असंही सापडतं. मग सिरिलिकमध्ये ‘इवान्ना’ शोधा. आणि वडिलांचं नाव वोइचेख असेल, जसं तुमच्या उताऱ्यात आहे, तर लॅटिन पानावर ते ‘आदाल्बेर्तुस’ होतं. दोन नावांत एकही अक्षर जुळत नाही म्हणून लोक योग्य पानावरून पुढे जातात. कारण जुनं आहे: दहाव्या शतकातल्या संत आदाल्बेर्टचं जन्मनाव वोइतेख होतं, म्हणून लॅटिन लिहिणाऱ्याच्या लेखी दोन्ही एकच. अक्षराची भीती बाळगू नका. मोडी वाचायला शिकताना जसं एका लेखनिकाचं वळण बसलं की पुढचं भराभर लागतं, तसंच इथेही. त्याच पाद्र्याच्या हातची वीस पानं आधी नुसती चाळा, मग आपलं पान.

ज्यांच्याकडे भावाचीही नोंद नाही त्यांनी गाव कुठून काढायचं, हे दोनतीन जणांनी विचारलं होतं, म्हणून थोडं त्याबद्दल. इंग्लंडमधला लग्नाचा दाखला या कामी निरुपयोगी, त्यात जन्मठिकाण नसतंच. मृत्यूचा दाखला मात्र बघा. १ एप्रिल १९६९ पासून तिथे जन्माची तारीख आणि ठिकाण लिहितात. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल तर त्या प्रमाणपत्रावर जन्मगाव आणि आईबापांची नावं असतात, ती प्रत लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अर्काइव्हमध्ये मिळते. सोव्हिएत हद्दपारीत गेलेल्यांची पोलिश सूची ऑनलाइन आहे, ‘इंदेक्स रेप्रेस्योनोवानिख’ नावाने. तिथे नाव, बापाचं नाव, जन्मसाल आणि कुठे नेलं ते मिळतं. रशियन कारकुनाला बापाचं नाव हवंच असे, आपल्या मधल्या नावासारखं, त्यामुळे घरात कुणालाच ठाऊक नसलेले पणजोबा अचानक समोर येतात. फक्त एक ध्यानात ठेवा: रशियनमध्ये ‘ह’ नाही. ह ने सुरू होणारं आडनाव तिथे ग मध्ये शोधा.

वळिवड्याकडून काय मिळेल, असंही तुम्ही विचारलंय. भावनेच्या दृष्टीने पुष्कळ, नोंदीच्या दृष्टीने थोडं. छावणीत साधारण पाच हजार पोलिश माणसं होती, बहुतेक बायका-मुलं. ती जागा आज गांधीनगर, जिथे तुमच्या माहेरचे लोक लग्नाचा बस्ता बांधायला जात असतील. छावणीच्या कारभाराचे कागद पोलंडच्या लंडनमधल्या निर्वासित सरकारचे, आणि त्या सरकारचं दप्तर लंडनच्या सिकोर्स्की संस्थेत आहे. तुम्ही इंग्लंडमध्येच आहात, वेळ घेऊन जाऊन या. तिथे जन्मनोंद मिळणार नाही, पण आईचं माहेरचं नाव वेगळ्या वर्तनीत मिळालं तर तेही उपयोगी.

नागरिकत्वाचा विषय तुम्ही काढलेला नाही, तरी कुणीतरी काढेलच. जन्मनोंद म्हणजे पोलिश नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. तो वेगळा विषय, वेगळे कागद, आणि १९५१ पूर्वी परक्याशी लग्न केलेल्या बाईंच्या बाबतीत तर फारच गुंतागुंतीचा. त्यासाठी पैसे घेऊन ‘सगळं करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, निदान नोंद हातात येईपर्यंत तरी.

ल्विवला पत्र युक्रेनियनमध्ये लिहा, अर्ध्या पानाचं. कुटुंबाची कहाणी लिहू नका. ते वाचणाऱ्या बाईंच्या टेबलावर अशा शंभर कहाण्या असतात. खेडं, जुना तालुका, ग्रीक कॅथलिक चर्च, साल १९२९ ते १९३३, बाळाची संभाव्य नावं, आईबापांची नावं, घर क्रमांक. आणि ‘जन्मदाखला द्या’ असं नको, ‘जन्मपुस्तकात शोध घेऊन पानाची प्रत द्या’ असं. युद्ध चालू आहे, उत्तराला महिने लागले तर राग धरू नका. त्याच पत्रात आईबापांच्या लग्नाचाही शोध मागा. लग्न सहसा मुलीच्या चर्चमध्ये व्हायचं, म्हणजे तेही याच ग्रीक कॅथलिक पुस्तकांत असणार, आणि तिथे वोइचेखचा जन्म कुठल्या खेड्यातला तेही मिळेल. त्या खेड्याचं पुस्तक हरवलेलं नसेल तर त्याची १९०० च्या आसपासची नोंद ‘आगाद’च्या स्कॅनमध्ये घरबसल्या बघता येईल.

पत्र पाठवायच्या आधी सासूबाईंना एकच विचारा: ती खीर शिजवायची कोण, यानिनाच्या आईची आई की वडिलांची आई? आईची आई असं उत्तर आलं तर अर्जात ‘ग्रीक कॅथलिक’ बिनधास्त लिहा. वडिलांची आई म्हणाल्या तर मला आधी कळवा, मग भावाचं पान आपण परत बघू.